उमाचा फोन जोडला आहे

१ डिसेंबर २०२४, रविवार. मुरुम

वही नवी, घर नवं आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी नवराही नवा. सोलापूरच्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. मुरडोत. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात बसून मी लोकांची बोलणी जोडून दिली, मग आईचं आजारपण काढलं. आता माझी पाळी आहे. गेल्या महिन्यात नोंदणी विवाह झाला आणि आज मी, प्रेमला, शिवानंदरावांच्या घरी कायमची राहायला आले. वाटेत नळदुर्गला चहा घेतला. त्यांनी माझा कप बशीने झाकून ठेवला, थंड होऊ नये म्हणून. असं आजवर कुणी केलं नव्हतं.

घर गावाबाहेर, त्यांच्याच शेतात आहे. सहा वर्षांपूर्वी बांधलेलं, मोठ्या खिडक्यांचं, उजेडाचं. समोर वाळत आलेली तूर, पलीकडे हरभरा. डाळमिल विकून ते आता निवांत आहेत. त्यांची थोरली विधवा बहीण शांताक्का इथेच असते. तिने मला ओवाळलं, डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला. ते म्हणाले, अक्का म्हणती बाई लई उंच हाय. उमा लहानखुरी होती, म्हणून.

उमा म्हणजे उमादेवी, पहिली बायको. चौदा महिन्यांपूर्वी गेली. दिवाणखान्यात तिचा फोटो आहे, फोटोला हार आहे. मेलेल्या माणसाला भिंतीवर जागा द्यायला माझी हरकत नाही.

गाडीच्या शेडमागे एक बसका सिमेंटचा कट्टा आहे, शेजारी बेलाचं रोप. दुपारचा चहा मी तिथे उन्हात बसून घेतला. शांताक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. मी तिलाही बोलावलं, तर आत निघून गेली. असेना. मला इथे फार छान वाटतं आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

डोळे अधू झाल्यामुळे शिवानंदराव गाडी चालवत नाहीत. आज त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, गाडी आता तुमची. पांढरी, ऑटोमॅटिक, पुढे वहीएवढा मोठा स्क्रीन. मी वीस वर्षं स्वतःची गाडी चालवली आहे, तेव्हा ऐटीत बसले. इंजिन सुरू केलं आणि सीट आपोआप पुढे सरकली. गुडघे स्टिअरिंगखाली आपटले. स्क्रीन उजळला: वेलकम, उमा. खाली बारीक अक्षरात: उमाचा फोन जोडला आहे. बॅटरी सहा टक्के.

म्हणजे गाडी तिची होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर शिवानंदराव अगदी खुलले. पंचावन्नाव्या वर्षी शिकली म्हणे. कानडी शाळेत सातवीपर्यंत गेलेली बाई, पण हायवेला ट्रकांना मागं टाकायची. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते नळदुर्गच्या चहाच्या वेळी नव्हतं.

मला तिचा राग आला असं मी लिहीत नाही. माझे गुडघे दुखले, एवढंच लिहिते.

फोन कुठे आहे हेही विचारलं. ते म्हणाले, गेला तिच्याबरोबर. आणि उठून हरभरा बघायला गेले.

५ डिसेंबर, गुरुवार

उमरग्याला जाऊन आले. हायवेलगत बंडप्पा नावाच्या माणसाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. स्क्रीन, स्पीकर, कॅमेरे तोच बसवतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि तोंडाने अखंड चालू. गाडी त्याच्या ओळखीची निघाली. म्हणाला, ही तर उमाक्काची गाडी, तुम्ही कोण? मी सांगितलं. त्यावर त्याला एकदम पान्हा शोधावासा वाटला.

मग त्याने दाखवलं ते लिहून ठेवते, कारण या वहीशिवाय माझ्या लक्षात राहणार नाही. एक: आवाजाचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, स्क्रीन काळा होऊन पुन्हा सुरू होतो. दोन: जोडलेल्या फोनांच्या यादीत जाऊन तिचा फोन काढायचा. तीन: माझा फोन जोडायचा, माझ्या नावाने खातं उघडायचं, सीट माझ्या मापाने लावून जतन करायची. बंडप्पाचं म्हणणं, स्क्रीन सासूसारखी असती बाई, सारखं टोचलं की रुसती, दहा सेकंद दाबून धरलं की गप ऐकती. मी म्हटलं, मला सासू नाही. तो म्हणाला, मग शांताक्का कोण?

परत येताना सगळा रस्ता स्क्रीनवर माझं नाव होतं. शेताचं फाटक ओलांडून गाडी शेडमध्ये लावली; संध्याकाळी पुन्हा जाऊन बसले तर नाव बदललेलं.

वेलकम, उमा. उमाचा फोन जोडला आहे. बॅटरी एकोणीस टक्के.

सीट पुढे सरकली.

७ डिसेंबर, शनिवार

आज मुरुमच्या बाजारातून शिवानंदरावांना फोन केला, मेथी घ्यायची की चाकवत ते विचारायला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मला वाटलं थट्टा करतात. पण घरी येऊन पाहिलं तर त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर नव्हताच. परवापर्यंत होता. त्यांनी स्वतःहून काढला असेल असं मनात आलं. उमाचा नंबर मात्र आहे. पहिलाच. तिचं सिम त्यांनी अजून चालू ठेवलं आहे.

मी माझा नंबर परत घातला. तिच्या वर येईल अशा रीतीने घातला. मी बासष्ट वर्षांची आहे आणि असले उद्योग करते आहे.

९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा बंडप्पा. या वेळी त्याने बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवली आणि नंतर कारखान्यातून आली तशी गाडी कोरी केली. या रीसेटने सगळं जातं म्हणाला, नावं, नंबर, रस्ते, सीटची मापं. आता या गाडीला स्वतःचं गावसुद्धा ठाऊक न्हाय.

मी विचारलं, मग गुरुवारी फोन परत कसा जोडला गेला? तो डोकं खाजवत म्हणाला, बाई, आपोआप न्हाय जोडत. दोन्हीकडनं व्हय म्हणावं लागतं. गाडी विचारती, जोडू का? फोन बी विचारतो, जोडू का? दोघं व्हय म्हणले तर लग्न. आणि फोन दहा-बारा पावलांत पायजे, त्याच्यापुढं न्हाय पोचत.

हे मला कळतं. चौतीस वर्षं माझं कामच ते होतं. लाइन लागते तेव्हा तिला दोन टोकं असतात. म्हणजे तो फोन शेडपासून बारा पावलांच्या आत आहे.

घरी आल्यावर शिवानंदराव म्हणाले, तुम्ही हातपाय धुवा, मी गाडीचं दार लावून येतो. मी खिडकीतून पाहिलं. ते गाडीत वाकले आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. एकदाच, हलकेच, देव्हाऱ्यातल्या देवाला गंध लावावं तसं. गाडीकडून होकार कोण देत होतं ते मला आज समजलं.

संध्याकाळी शांताक्काने भाकरी थापता थापता विचारलं, तुझं नाव काय गं बाई? मी म्हटलं, आठ दिवस एका ताटलीत लोणचं खातोय आपण. ती गोंधळली. म्हणाली, जिभेवर हाय बघ, न्हाय यायलंय. या बाईला लहानपणीच्या म्हशींची नावं पाठ आहेत. टोमणा आहे हे न समजण्याइतकी मी खुळी नाही.

बॅटरी एकेचाळीस टक्के.

१२ डिसेंबर, गुरुवार

दोन दिवस शेड धुंडाळलं. सीटखाली, डिकीत, रिकाम्या पोत्यांत, पत्र्याच्या पन्हाळीत. फोन नाही. शेडमागे कट्ट्याशिवाय काही नाही. दमून तिथेच बसले होते.

आज दुपारी तीन वाजता गाडीत बसून माहितीपुस्तक वाचत होते. इंजिन बंद, नुसता स्क्रीन चालू. फोन आला. माझा नव्हे, स्पीकरमधून. स्क्रीनवर नाव: आमचे.

मी हात लावला नाही. फोन आपणहून उचलला गेला.

शिवानंदरावांचा आवाज. ते घरात, व्हरांड्यातल्या खुर्चीत होते. मला काचेतून दिसत होते. मोबाइल कानाला. म्हणाले, जेवलीस का? मग थांबले, ऐकल्यासारखे. मग म्हणाले, तूर यंदा बरी हाय. आज लई ऊन न्हाय. तुला टोचत न्हाय न्हवं काही? पुन्हा थांबले. मग हसले. पोटातून, खांदे हलवून. मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही.

मला फक्त त्यांचाच आवाज ऐकू येत होता. पण मध्ये मध्ये जी शांतता होती ती रिकामी नव्हती. कापलेल्या लाइनची शांतता वेगळी असते आणि पलीकडे कुणी असतं तेव्हाची वेगळी. हे मला कुणी शिकवायला नको.

अकरा मिनिटं. माझ्याशी ते सलग चार मिनिटं बोललेले नाहीत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी समोर बसवून विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, हे आणखी वाईट.

हे लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. बसवतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेल घालून, आपल्याच शेतात. हे मला ठाऊक होतं, पण कुठे, ते मी विचारलं नव्हतं. उमादेवी सोलापूरच्या दवाखान्यात सोळा दिवस होती. आत फोन नेऊ देत नव्हते. शेवटी एकदाच बोलायला मिळालं तेव्हा म्हणाली, आता कुठंबी बसवा, पण फोन काढून घिऊ नका. म्हणून त्यांनी तो तिच्या मांडीत ठेवला. विधीला आलेल्या स्वामींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वरचा कट्टा बांधला, त्यावर लिंग बसवायचं राहिलं आहे.

पहिले दोन दिवस फोन वाजत होता. मग बंद झाला. मग मी आले आणि मी गाडी सुरू केली. आता तो रोज लागतो.

मी विचारलं, ती काय बोलते? ते म्हणाले, तसं काही न्हाय. ऐकती.

शेडमागे कट्टा. मी तेरा दिवस तिच्या डोक्यावर बसून चहा पिते आहे.

मी म्हटलं, यापुढे तिला फोन करायचा नाही. ते म्हणाले, बरं. ज्या तऱ्हेने म्हणाले त्यावरून कळलं, ते थांबणार नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

मी निघून जाऊ शकते. धाकटी बहीण भैरवी कधीपासून म्हणते आहे, सोलापूरला परत ये. पण मी गेले की हा माणूस तीन वाजता खुर्ची ओढून बसणार आणि खांदे हलवून हसणार. का जाऊ? मेलेल्या बाईसाठी जिवंत बाईने जागा का सोडायची?

सकाळी तिच्या फोनमधली नावं गाडीच्या स्क्रीनवर उघडली. अक्का. बंडप्पा स्पीकरवाला. आमचे. आणि शेवटी एक नवं नाव.

सवत.

मी त्यावर बोट ठेवलं. मांडीवर ठेवलेला माझा फोन वाजला.

ती गेली तेव्हा मी या माणसाला पाहिलंही नव्हतं. आमची ओळख त्यानंतर पाच महिन्यांनी, काशीच्या सहलीत झाली. माझा नंबर मातीखालच्या फोनमध्ये कुणी घातला?

भीती वाटली. पण खरं लिहायचं तर आधी संताप आला. सवत मी? मी रीतसर सही करून आलेली आहे. बंडप्पाने केली होती तशीच गाडी पुन्हा कोरी केली. माझ्या हाताने. तिची सगळी नावं जाताना पाहिली.

दहा मिनिटांत स्क्रीनने विचारलं, उमाचा फोन जोडायचा? मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. नाही. पुन्हा. मग विचारायचं बंद केलं आणि जोडला.

बॅटरी अठ्ठ्याहत्तर.

१७ डिसेंबर, मंगळवार

भैरवीला फोन केला. तिने नम्रपणे विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, अगं मी. ती म्हणाली, मला बहीण नाही हो. मी आईचं नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला, तिच्या कपाळावरची खोक कशाची ते सांगितलं. ती घाबरली. तिने फोन ठेवला.

मागची पानं वाचली. पाच तारखेला पहिला रीसेट, सातला त्यांच्या फोनमधून मी गेले. नऊला दुसरा, त्याच संध्याकाळी शांताक्का. पंधराला तिसरा, आणि आता भैरवी.

तिला कुणी पुसत नव्हतं. दर वेळी पुसली जात होते ती मी—

आता त्या स्क्रीनला हात लावायचा नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी शिवानंदरावांनी चहा दिला. कप बशीने झाकलेला. मग समोर बसून अदबीने विचारलं, आपण कुणाकडं आलात?

मी म्हटलं, तुमच्याकडे. ते म्हणाले, हां, हां. बसा. उमा येईलच.

शांताक्का मला बघून दचकते. कानडीत पुटपुटते. माझं ताट मीच वाढून घेते.

१९ डिसेंबर, गुरुवार

दुपारी तीनला व्हरांड्याच्या दारामागे उभी राहिले. त्यांच्या तोंडून फक्त तिचं नाव. उमे हे, उमे ते. माझ्याबद्दल एक शब्द नाही. तक्रारसुद्धा नाही. तक्रार केली असती तरी चाललं असतं.

उद्या जाते. बॅग भरली. उमरग्याहून बस मिळेल. भैरवीसमोर जाऊन उभी राहीन, चेहरा बघून तरी—

आधार कार्डावरचं नाव दोनदा वाचावं लागलं.

२० डिसेंबर, शुक्रवार. दुपार

गाडीत बसले आहे. बॅग शेजारी. वही मांडीवर, कारण जे होईल ते लिहून ठेवायला हवं. नंतर मला कोण सांगणार.

इंजिन सुरू होत नाही. स्क्रीनवर: मुख्य वापरकर्त्याच्या फोनवरून रीसेट सुरू आहे. पाहुण्याचं खातं काढत आहे. दार उघडल्यास रीसेट आणि कॉल दोन्ही रद्द होतील.

रीसेट चार टक्के.

दार उघडलं की झालं. कुलूप नाही, दांडी हाताशी आहे, ओढली तर उघडेल. तिने कोंडलेलं नाही मला. उघडते—

फोन आला. आमचे. तीन वाजले.

उचलला गेला.

ते बोलतात. उमे, जेवलीस का. आवाज इतका जवळ, जसा कानाशी. असं कुणी माझ्याशी—

१९. उघडायला हवं.

ते म्हणाले, उमे, एक विचारू? ती बाई आज चालली वाटतं. बॅग घेऊन गेली शेडकडं.

माझ्याबद्दल. पहिल्यांदाच माझ्याबद्दल बोलतात. एक वाक्य ऐकते आणि उघडते.

३३. थांबले आहेत. ती काहीतरी सांगत असेल. मला ऐकू येत नाही. मलाच का नाही.

ते म्हणतात, न्हाय गं, वाईट न्हवती. चहा पिताना बरी वाटायची सोबत.

बरी वाटायची.

५२. सोलापूरला कुठली गल्ली. दोन खिडक्या होत्या. आईचं—

दांडीवर हात आहे. दार उघडलं तर कॉल तुटेल. ते काय म्हणणार होते ते कधीच कळणार नाही. अजून एक. थांबवू का तिला, असं म्हणू दे. एवढंच. मग उघडते.

७०. हात ओळखीचा वाटत नाही. लहान आहे.

ते हसत नाहीत. घसा खाकरला. म्हणाले, उमे, तू म्हणत असशील तर थांबवतो तिला. हाक मारतो.

मार. मार ना.

८६. खुर्चीतून उठले. काचेतून दिसतात. इकडे बघतात. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले. फोनमध्ये विचारतात, उमे, नाव काय गं तिचं? तुला ठाऊक असंल. काय नाव तिचं?

मी सांगते. थांबा, मी सांगते, मला येतं, वहीत पहिल्या पानावर आहे, पान सापडत—

९७. अहो माझं नाव—